अमावास्येला सुरू होणारं वर्ष

पुण्यात माझा एक मित्र एलईडी दिव्यांचे सुटे भाग बाहेरून मागवतो आणि इथे जुळणी करून विकतो. बराचसा माल दक्षिण चीनमधल्या दोंगग्वानहून येतो, थोडासा कोरियातून. दिवाळी आटोपली की त्याचा एकच प्रश्न सुरू होतो: यंदा चिनी नववर्ष कधी? त्या दिवसाच्या आगेमागे तिथले कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात, कामगार गावाला निघून जातात, आणि ऑर्डर वेळेत गेली नसेल तर मार्चपर्यंत हात चोळत बसावं लागतं. २०२४ साली ते आलं १० फेब्रुवारीला, २०२५ साली २९ जानेवारीला, २०२६ साली १७ फेब्रुवारीला. "यांना एक तारीख ठरवता येत नाही का?" हा त्याचा वार्षिक त्रागा.

मी त्याला म्हटलं, गणपती कुठल्या तारखेला येतात ते आधी सांग. आणि मग घरातलं कालनिर्णय काढून त्या तीन तारखा बघ. २९ जानेवारी २०२५ ही मौनी अमावास्या होती. प्रयागराजच्या कुंभात ज्या दिवशी कोट्यवधी लोक डुबकी मारत होते, त्याच दिवशी बीजिंगमध्ये लोक एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा देत होते. १७ फेब्रुवारी २०२६ हीसुद्धा अमावास्याच, महाशिवरात्रीनंतरची. २०२४ची अमावास्या आपल्या घड्याळाप्रमाणे १० तारखेला पहाटे साडेचारच्या सुमारास संपली.

म्हणजे चिनी वर्ष सुरू होतं ते अमावास्येला. आपल्याकडे लक्ष्मीपूजन सोडलं तर अमावास्येला नवी गाडी घरी आणायची म्हटली तरी कुणीतरी डोळे वटारतं, तेव्हा हे जरा खटकतं. पण हिशोब सरळ आहे. सूर्य आणि चंद्र ज्या क्षणी एका रेषेत येतात तो क्षण आपण जुन्या महिन्याचा शेवट मानतो आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदा धरतो. चिनी लोक तो क्षण ज्या दिवशी येतो तो अख्खा दिवसच नव्या महिन्याचा पहिला दिवस धरतात. बाकी महिन्याची कल्पना तीच. महिन्यांना वेगळी नावं पाठ करायचीही गरज नाही. पहिला महिना, दुसरा महिना, असे ते मोजतात.

चिनी संस्कृतीची ओळख करून द्यायची तर लोक बहुधा चिनी भिंत, चहा, रेशीम आणि कुंगफूपासून सुरुवात करतात. मला विचाराल तर कॅलेंडरपासून करावी. एक तर आपल्याला पंचांगाची सवय असल्यामुळे ते पटकन कळतं, आणि दुसरं म्हणजे शेती, जेवण, पूर्वजांची आठवण, राजाची सत्ता हे सगळं तिथे त्याच एका खुंटीला टांगलेलं आहे.

चंद्राचं कॅलेंडर, पण पूर्णपणे चंद्राचं नाही

इंग्रजी वर्तमानपत्रांनी "लूनर न्यू इयर" हे नाव रूढ केल्यामुळे हे निव्वळ चांद्र कॅलेंडर असल्याचा समज झाला आहे. निव्वळ चांद्र म्हणजे हिजरी. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी ११ दिवसांची तूट. हिजरी कॅलेंडर ती भरून काढत नाही, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. चिनी नववर्ष मात्र २१ जानेवारी ते २१ फेब्रुवारी या पट्ट्याच्या बाहेर जात नाही. त्याला सूर्याचा दोर बांधलेला आहे.

हा दोर म्हणजे चोवीस टप्पे. सूर्य वर्षभरात आकाशात जो फेरा घेतो त्याचे १५-१५ अंशांचे चोवीस भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला नाव द्यायचं. ४ फेब्रुवारीच्या सुमारास लिछुन, म्हणजे वसंताचा आरंभ. मग पावसाचं पाणी. मग जिंगझ, म्हणजे जमिनीत झोपलेले किडे दचकून जागे होतात तो दिवस. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग, स्वच्छ आणि उजळ. जूनच्या सुरुवातीला मांगजुंग, गव्हाला कुसळं आली, भात लावायला घ्या. पुढे छोटी गरमी, मोठी गरमी, पांढरं दव, थंड दव, ऑक्टोबरच्या शेवटी दहिवर पडण्याचा दिवस, मग छोटा बर्फ, मोठा बर्फ, आणि २१-२२ डिसेंबरला दोंगझ, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. या चोवीसही नावांची यादी इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या 'हुआयनान्झ' या ग्रंथात जवळजवळ आजच्याच रूपात सापडते. २०१६ मध्ये युनेस्कोने ती मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली.

मराठी शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे सण तिथीवर चालतात, पण पेरणीचं बोलणं तिथीवर होत नाही. ते होतं मृगावर, आर्द्रावर, हस्तावर. मृग नक्षत्र दर वर्षी ७-८ जूनलाच का लागतं? कारण ती सूर्याची नक्षत्रं आहेत. सूर्य त्या नक्षत्रात शिरला की ते लागतं. चंद्राच्या पंचांगात राहून शेतीपुरतं सूर्याकडे बघायचं, ही युक्ती दोन्हीकडे आहे. मांगजुंग आणि मृग यांच्यात तर दोन-तीन दिवसांचंच अंतर. मृगाचं वाहन यंदा बेडूक की गाढव, हा मजेचा भाग मात्र आपल्याकडेच.

त्यांच्याकडे मजा दुसरीकडे आहे. चोवीस टप्प्यांतल्या प्रत्येकाचे पुन्हा पाच-पाच दिवसांचे तीन तुकडे केले, म्हणजे एकूण ७२, आणि प्रत्येक तुकड्याला एकेका वाक्याने खूण घातली. लिछुनचे तीन तुकडे असे: पूर्वेचा वारा गोठलेली जमीन सैल करतो; बिळातले किडे हलायला लागतात; मासे वर येऊन बर्फाला पाठ लावतात. हे कुणीतरी नदीकाठी बसून बघितलेलं आहे हे लगेच जाणवतं. पण मधेच एक खूण म्हणते, ससाण्याचं कबूतर होतं. नोव्हेंबरातली एक म्हणते, रानकोंबडा मोठ्या पाण्यात शिरतो आणि त्याचा शिंपला होतो. हिवाळा लागला की रानकोंबडे दिसेनासे होत आणि किनाऱ्यावर शिंपले दिसू लागत, तेव्हा निरीक्षकाने दोन आणि दोन पाच केले. दोन हजारांहून अधिक वर्षं ते तसंच उतरवलं गेलं, कुणी खोडलं नाही.

आणखी एक गोष्ट. ही सगळी हवा आहे पीत नदीच्या खोऱ्याची, उत्तर चीनमधली. दक्षिणेला ग्वांगझोऊत मोठ्या बर्फाच्या दिवशी लोक पातळ शर्टात फिरत असतात. तरी नावं तीच वापरतात. राजधानीची हवा हीच देशाची हवा.

अधिक महिना कधी घालायचा

आता ११ दिवसांची तूट. दोन-तीन वर्षं ती साठू दिली की जवळजवळ एक महिना होतो, मग एक महिना जास्त घालायचा. १९ वर्षांत असे सात. हे आपल्याकडेही आहे, अधिकमास. जावयाला अनारसे आणि चांदीचं ताट देण्यापलीकडे त्याचा विचार आपण फारसा करत नाही, पण तो नेमका कोणत्या महिन्यात येणार हे ठरवण्याचा नियम फार देखणा आहे, आणि दोन्हीकडे तो मुळात एकच आहे.

आपला नियम: ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत, म्हणजे एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणं, येत नाही, तो अधिक. चिनी नियम: चोवीस टप्प्यांपैकी एक सोडून एक असे बारा टप्पे मुख्य मानायचे, ज्या महिन्यात मुख्य टप्पा येत नाही, तो अधिक. तो आदल्या महिन्याचाच आकडा घेतो. हान वंशाच्या वू सम्राटाच्या काळात, इ.स.पू. १०४ साली, हा नियम पक्का झाला. त्याआधी जास्तीचा महिना वर्षाच्या शेवटी तेरावा म्हणून डकवून देत. 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणणाऱ्या आपल्याला त्यातली अडचण सांगायला नको.

२०२५चंच उदाहरण घेऊ, कारण ते अगदी काठावरचं आहे. बीजिंगच्या वेळेप्रमाणे २५ जुलैला अमावास्या आली आणि नवा महिना लागला. मोठ्या गरमीचा मुख्य टप्पा त्याआधीच, २२ जुलैला, होऊन गेला होता. पुढचा मुख्य टप्पा, गरमी सरण्याचा, आला २३ ऑगस्टला भल्या पहाटे. पुढची अमावास्या त्याच दिवशी दुपारी. म्हणजे टप्पा आधी, अमावास्या नंतर. मग टप्पा जुन्या महिन्यात मोडायला हवा ना? नाही. अमावास्येचा अख्खा दिवस नव्या महिन्याचा, हे वर बघितलं. त्यामुळे पहाटेचा टप्पाही नव्या महिन्याच्या खात्यात गेला आणि २५ जुलै ते २२ ऑगस्ट हा महिना कोरडा राहिला. तो अधिक सहावा महिना झाला.

आता गंमत बघा. आपल्याकडे २०२५ मध्ये अधिकमास नव्हता. तो आहे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. नियम एकच, तर उत्तर वेगळं का? कारण सूर्य मोजण्याची सुरुवात वेगळी. चिनी लोक विषुवदिनापासून, म्हणजे खऱ्या ऋतूंपासून मोजतात. आपलं पंचांग ताऱ्यांपासून मोजतं. हे दोन आरंभबिंदू कधीकाळी एकत्र होते, आता त्यांच्यात सुमारे २४ अंशांची फट पडली आहे. म्हणून त्यांचा दोंगझ खऱ्या उत्तरायणाच्या दिवशी, डिसेंबरात येतो, आणि आपली मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यात.

त्याचा परिणाम चंद्राखाली बसून बघता येतो. चिनी लोकांचा मध्य-शरद उत्सव आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो. घरची माणसं अंगणात किंवा गच्चीवर बसतात, चंद्र बघतात आणि मूनकेक कापून वाटून खातात. ग्वांगदोंगकडचा मूनकेक म्हणजे कमळाच्या बियांच्या गोड सारणात बदकाच्या अंड्याचा खारवलेला पिवळा बलक, कापल्यावर आत चंद्र दिसावा म्हणून. एकाचे चार किंवा आठ तुकडे करायचे. अख्खा एकट्याने खाल्ला तर संध्याकाळी जेवण जात नाही. २०२४ मध्ये हा उत्सव १७ सप्टेंबरला होता, ज्या दिवशी आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका निघाल्या. २०२५ मध्ये त्यांचा अधिक महिना पडून गेला होता, आपला यायचा होता. तेव्हा त्यांचा उत्सव एक महिना पुढे सरकून ६ ऑक्टोबरला आला. त्या रात्री आपल्याकडे कोजागिरी होती. तिकडे मूनकेक, इकडे मसाला दूध, चंद्र तोच. २०२६ मध्ये आपला अधिक ज्येष्ठ पडला की गाडी पुन्हा रुळावर येते: २५ सप्टेंबर, तिकडे चंद्र, इकडे विसर्जन.

चुलीच्या देवाचं तोंड

कोणता सण चंद्राच्या दोराला आणि कोणता सूर्याच्या, हे बघण्यासारखं आहे. जिवंत माणसं एकत्र येतात ते बहुतेक चंद्रावर. मेलेल्यांना भेटायला जायचं ते सूर्यावर. छिंगमिंग हा चोवीस टप्प्यांतला एक दिवस, ४ किंवा ५ एप्रिल. त्या दिवशी घरचे लोक पूर्वजांच्या थडग्यावर जातात, उगवलेलं गवत उपटतात, जागा झाडतात, फळं आणि दारू ठेवतात, आणि कागदी नोटा जाळतात, पलीकडे खर्चाला. आता कागदाचे मोबाइल, गाड्या, बंगलेही मिळतात. पितृपक्षात आपण कावळ्याची वाट बघतो. तिथे धूर वर गेला की पोचलं.

मृतांचा दुसरा सण मात्र चंद्रावरचा, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेचा आहे, आणि त्याच्या पोटात आपल्या बाजूची गोष्ट आहे. त्याचं बौद्ध नाव युलानपेन. ते संस्कृतातून आलं असं मानतात. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, चिनीत मुलिएन, प्रेतयोनीत उपाशी तळमळणाऱ्या आपल्या आईला सोडवायला जातो. तो घास तिच्या ओंजळीत घालतो आणि तोंडाशी नेताच त्याचे निखारे होतात. शेवटी भिक्षूंच्या संघाला अन्नदान केल्यावर ती सुटते. संन्यास म्हणजे घर सोडणं, आणि चिनी मनाला आईबाप सोडणं हे सगळ्यात मोठं पाप वाटे. बौद्ध धर्म तिथे रुजायला या एका आईच्या गोष्टीने फार मदत केली असं मला वाटतं.

बाराव्या महिन्याची अष्टमी बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीची. त्या दिवशी धान्यं, डाळी, बोरांसारखे लाल खजूर घालून पेज शिजवतात. बीजिंगच्या योंगहे मंदिरात ती घ्यायला थंडीत रांग लागते. इथून नववर्षाची धांदल सुरू होते.

मग येतो चुलीचा देव, आणि मला सगळ्यात आवडतो तो हा. चुलीच्या वरच्या भिंतीवर त्याचं रंगीत कागदी चित्र चिकटवलेलं असतं. वर्षभर तो स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकतो: कुणी भांडलं, कुणी अन्न टाकलं, सासू काय बोलली. बाराव्या महिन्याच्या २३ तारखेला (दक्षिणेत २४) तो स्वर्गातल्या सम्राटाकडे वार्षिक अहवाल द्यायला निघतो. निघण्यापूर्वी त्याच्यापुढे माल्टच्या साखरेची मिठाई ठेवतात. उत्तरेत ती छोट्या खरबुजाच्या आकाराची असते. बाहेरच्या थंडीत ती काचेसारखी कडक, चावली की कडकन फुटते, आणि तोंडात ऊब मिळाली की दातांना अशी चिकटते की जबडा उघडत नाही. काही घरांत तीच वितळवून चित्राच्या ओठांना फासतात. देव गोड बोलेल, किंवा बोलूच शकणार नाही, दोन्ही चालेल. मग ते चित्र जाळायचं. वर्षाच्या शेवटच्या रात्री नवं चित्र चिकटवलं की तो परत कामावर रुजू. देवाला लाच देण्याची इतकी उघड आणि इतकी घरगुती पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्या शेवटच्या रात्रीचं जेवण हे वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं जेवण. उत्तरेत जिआओझ, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, सगळ्यांनी मिळून बसून वळायच्या. दक्षिणेत चिकट तांदळाची वडी. मासा हवाच, कारण मासा आणि शिल्लक या दोन्हींना चिनीत 'यू' म्हणतात, आणि तो पूर्ण संपवायचा नाही, शिल्लक राहायला हवी. दारावर लाल कागदावर लिहिलेल्या दोन ओळी. मध्ये 'फू', म्हणजे सौख्य, हे अक्षर मुद्दाम उलटं लावलेलं, कारण 'उलटं' आणि 'आलं' यांचा उच्चार सारखाच. सण समजायला चिनी भाषेतल्या कोट्या कळाव्या लागतात. त्यामुळेच परदेशी माणसाला तो बाहेरून नुसता लाल रंग आणि फटाके दिसतो.

साठ नावं, बारा जनावरं

वर्षांना आकडा न देता नाव देण्याची पद्धत आपल्यालाही ठाऊक आहे. गुढीपाडव्याला पुरोहित विश्वावसु, पराभव असं संवत्सराचं नाव सांगतो. साठ नावं झाली की पुन्हा पहिलं. चिनी चक्रही साठाचंच, पण ते वेगळ्या रीतीने बनतं. दहा चिन्हांची एक माळ, बारा चिन्हांची दुसरी. दोन्ही एकाच वेळी एकेक मणी पुढे ओढायच्या. पहिली जोडी पुन्हा जुळायला साठ पावलं लागतात, कारण दहा आणि बारा यांचा लसावि साठ. चीनमधल्या आन्यांगला सापडलेल्या, शांग राजवंशाच्या काळातल्या हाडांवर, म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, ही साठ नावं कोरलेली आहेत. तेव्हा त्यांनी दिवस मोजत. १९११ साली सम्राटाची गादी उलथली त्या क्रांतीला चिनी इतिहासात आजही त्या वर्षाच्या नावाने, शिनहाय क्रांती म्हणूनच ओळखतात.

बाराच्या माळेला पुढे जनावरं जोडली गेली: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर. ज्याचं जे जनावर त्याच्याच वर्षात, म्हणजे वयाच्या बारा, चोवीस, छत्तिसाव्या वर्षी, ग्रह फिरतात असा समज. साडेसातीसारखंच, फक्त एका वर्षात आटपतं, आणि उपाय म्हणून लाल पट्टा किंवा लाल अंतर्वस्त्रं. याचा परिणाम आकडेवारीतही दिसतो. २०२३ मध्ये चीनमध्ये ९०.२ लाख मुलं जन्मली, २०२४ या ड्रॅगनच्या वर्षात ९५.४ लाख. कोविडमुळे लांबलेली लग्नंही त्यामागे असणार, पण ड्रॅगनचं मूल हवं ही हौस जुनी आहे.

वेळ कुणाच्या मालकीची

आपल्याकडे पंचांगं अनेक, पंचांगकर्ते अनेक आणि त्यांचे वादही अनेक. टिळक पंचांगाची दिवाळी एकदा वेगळी आली म्हणून कुणी तुरुंगात गेलं नाही. चीनमध्ये हे शक्य नव्हतं. सम्राट म्हणजे स्वर्गाचा मुलगा. आकाशात काय होणार हे त्याला आधी कळलंच पाहिजे. ग्रहण चुकलं तर राज्याचा पाया डळमळला. शेजारच्या राजाने चिनी कॅलेंडर स्वीकारणं म्हणजे मांडलिकत्व पत्करणं. ८३५ साली थांग वंशाच्या दरबाराने खासगी कॅलेंडर छापण्यावर बंदी घातली, कारण सिचुआनच्या बाजारात सरकारी कॅलेंडर यायच्या आधीच छापील कॅलेंडरं विकली जात होती. बंदी कितपत पाळली गेली ते वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुंफांत कळतं: तिथे सापडलेलं ८७७ सालचं छापील कॅलेंडर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

याच थांग काळात राजधानी छांगआनच्या वेधशाळेवर एक भारतीय कुळ पिढ्यान् पिढ्या काम करत होतं. चिनी कागदपत्रांत त्यांचं आडनाव 'छुतान' असं येतं. ते म्हणजे गौतम. त्यातल्या गौतम सिद्धाने ७१८ साली नवग्रहांचं भारतीय गणित चिनीत आणलं. त्यात शून्यासाठी एक ठिपका काढा असं स्पष्ट लिहिलं आहे. दरबाराने ती पद्धत अधिकृत म्हणून उचलली नाही. ठिपका तिथेच राहिला.

मोजमापाचं सगळ्यात थक्क करणारं ठिकाण हेनान प्रांतात दंगफंगजवळ आहे. शाओलिन मंदिरही त्याच भागात. मंगोल सम्राट कुबलाई खानाने ग्वो शोउजिंग याला नवं कॅलेंडर करायला सांगितलं. त्याचं काम होतं दुपारच्या सावलीची लांबी मोजणं. सगळ्यात लांब सावली तो दोंगझ. काठी जितकी उंच तितकी सावली लांब, म्हणजे चूक कमी. म्हणून त्याने नेहमीच्या आठ फुटी काठीऐवजी चाळीस चिनी फूट उंचीवर आडवी दांडी बसवली आणि खाली जमिनीवर ३१ मीटर लांब दगडी पट्टी आखली. पण सावली लांब झाली की तिची कड धूसर होते. संध्याकाळी स्वतःची सावली बघा, डोकं कुठे संपतं ते कळत नाही. त्यावर त्याने काढलेला उपाय असा: पट्टीवर एक बारीक भोकाचा पत्रा सरकवत न्यायचा. भोकातून सूर्याची छोटी गोल प्रतिमा पडते आणि त्या गोलाच्या बरोबर मधून दांडीची केसासारखी रेघ जाते. ती रेघ जिथे, ती मोजायची जागा. १२८१ साली जारी झालेल्या त्याच्या कॅलेंडरात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं धरलेलं आहे. युरोपने तोच आकडा ग्रेगरी कॅलेंडरात घेतला तो १५८२ साली.

पुढे युरोपचे लोकच दारात आले. छिंग वंशाने १६४५ मध्ये जर्मन जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रचारक) आडाम शाल याच्या गणितावरचं कॅलेंडर लागू केलं. जुने ज्योतिषी चिडले. यांग ग्वांगशिएन या पंडिताने खटला भरला. शालला मृत्युदंड झाला. १६६५ मध्ये बीजिंगला भूकंपाचा धक्का बसला, तो स्वर्गाचा कौल मानून शाल वाचला, पण त्याचे पाच चिनी सहकारी मारले गेले. कॅलेंडर यांगच्या हातात गेलं. १६६८च्या अखेरीस चौदा वर्षांच्या कांगशी सम्राटाने ठरवलं, वाद पुरे, सावली मोजा. दोन्ही पक्षांनी उद्या दुपारी सावली कुठे पडेल ते आज सांगायचं. शालचा सहकारी फर्डिनंड व्हर्बीस्ट याची खूण बरोबर आली, पुन्हा आली, तिसऱ्यांदाही आली. यांग गेला. इतकंच नव्हे, साऱ्या देशाला जाहीर झालेला एक अधिक महिना चुकीचा निघाला आणि तो मागे घेऊन दुसऱ्या वर्षात ढकलावा लागला. सम्राटाने आपलीच वेळ दुरुस्त करायची, ही नामुष्की लहान नव्हती.

प्रजासत्ताक आल्यावर १ जानेवारी १९१२ पासून सरकारी कामाला इंग्रजी कॅलेंडर आलं. जुन्या नववर्षाला 'वसंताचा सण' हे साधं नाव मिळालं, कारण 'नववर्ष' हा शब्द जानेवारीने घेतला होता. १९२८ नंतरच्या राष्ट्रवादी सरकारने तर जुना सण बंदच करायचा घाट घातला. फटाके, कागद, मिठाई सगळं १ जानेवारीला करा म्हणे. दुकानदारांनी जानेवारीत दारं उघडी ठेवली आणि अमावास्येला बंद केली. काही वर्षांत सरकार थकलं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ साली, पुन्हा सुट्टी रद्द झाली. तीही परत आली. २००८ पासून छिंगमिंग, ड्रॅगन बोटींचा सण आणि मध्य-शरद यांनाही राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि २०२४च्या डिसेंबरात वसंताचा सण युनेस्कोच्या यादीत गेला. आज हे गणित नानजिंगची वेधशाळा करते, आणि लोक ते मोबाइलवर बघतात. आज काय करावं आणि काय टाळावं, घर बदलावं का, केस कापावेत का, हे दोन रकाने तिथेही आहेतच.

गेल्या आठवड्यात मित्राचा फोन आला. दोंगग्वानवाला म्हणतो २०२७चं नववर्ष ६ फेब्रुवारीला, कोरियावाला म्हणतो ७ ला, कोण चुकतंय? कुणीच नाही, मी म्हटलं. त्या दिवशी अमावास्येचा क्षण बीजिंगच्या घड्याळात रात्री ११ वाजून ५६ मिनिटांनी येतो. सोलचं घड्याळ एक तास पुढे. तिथे तोवर मध्यरात्र उलटून तारीख बदललेली असते. चार मिनिटांनी दोन देशांची वर्षं वेगळ्या दिवशी सुरू होणार आहेत.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ते ठीक आहे. माल दिवाळीआधी सांगू की नंतर?"